दाखवायचे दात

मूर्ती वीतभर उंचीची, वेणुगोपाळाची. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, फडकं लाडवाच्या स्टीलच्या डब्यात, डबा कपाटाच्या खालच्या खणात आणि त्यावर शालींची चळत. बेळगावातल्या एका जुन्या घरात काकूंनी ती मला दाखवायला काढली तेव्हा आधी उठून दाराला कडी घातली. गल्लीचं नाव मी सांगत नाही. का, ते पुढं कळेलच.

“आमच्या ह्यांच्या आज्जोबांनी आणलेली. देव्हाऱ्यातच असायची की वो. मी लग्न होऊन आले तेव्हा रोज हिला आंघोळ घालायची मीच. मग कोण तरी सांगितलं, हस्तिदंत घरात सापडलं तर आत घालतात. तेव्हापासून डब्यात.”

चाळीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवली, त्यामुळं मूर्ती हातात आली की मी आधी तिची पाठ बघतो. चेहऱ्यावर सगळेच जीव ओततात. कारागीर कळतो तो पाठीवरून. खिडकीपाशी नेऊन मूर्ती आडवी धरली आणि लक्षात आलं, कृष्णाचा कणा सरळ नव्हताच. टाचेपासून मानेपर्यंत एक मंद वाक होता, पाटावर उताणी निजवली तर कमरेखालून काडेपेटी सरकावी इतका. हा वाक कारागिराचा नव्हे, हत्तीचा. सुळा मुळातच वळलेला असतो, त्यातून ताठ मूर्ती काढायची तर बराचसा माल भुग्यात जातो. या माणसानं सुळ्याच्या वळणातच त्रिभंग, म्हणजे मान, कंबर आणि गुडघ्यात वाकलेली कृष्णाची ढब, बसवला होता. सुळ्याचं पोट जिथं बाहेर आलं तिथं कृष्णाची कंबर काढली, आणि पाय एकमेकांवर टाकून उरलेला तोल सांभाळला.

तळाशी पोकळी होती, तिच्यात काळ्या लाकडाची गुडदी ठोकलेली. सुळ्याचा मुळाकडचा साधारण एक तृतीयांश भाग आतून पोकळ असतो, तिथं जिवंतपणी मऊ गर असतो. म्हणजे मूर्तीचे पाय हत्तीच्या जबड्याकडचे आणि मुकुट टोकाकडचा. खिशात सोनाराचं भिंग होतं. तळाच्या कडेवर एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या बारीक रेघा दिसल्या, चटईच्या विणीसारख्या. हाडात त्या नसतात, हाडात सुईनं टोचल्यासारखे ठिपके दिसतात. प्लास्टिकमध्ये दोन्ही नसतं. बासरी हरवलेली, पण ओठांपाशी आणि दोन बोटांत तिच्यासाठी पाडलेली भोकं शाबूत होती. बासरी वेगळी करून बसवलेली असणार. उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. पीतांबराच्या चुण्यांत जुनं कुंकू घट्ट बसलेलं, आणि रोजच्या पुसण्यानं नाक जवळजवळ सपाट. डाव्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एक सरळ भेग.

“भेग कधीची?”

“डब्यात घातल्यानंतरची. मी मधून मधून खोबरेल लावते खरं वाढतच चालली.”

(आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.)

मग काकूंनी विचारलं, “आता हिचं काय करू सांगा तुम्ही. विकायला येत नाही, टाकायला मन होत नाही, पूजेत ठेवायला भ्या वाटतंय.”

काकूंचा प्रश्न एकट्या काकूंचा नाही. बेळगाव, शहापूर, निपाणी, खानापूर, पलीकडं गडहिंग्लज, चंदगड, सावंतवाडी या पट्ट्यात जुनी सरदार घराणी, सराफ, वकील, गोव्याशी आणि मुंबईशी व्यापार करणारी घरं पुष्कळ. अशा घरांतून एखादी हस्तिदंती मूर्ती, गंजिफाचे पत्ते ठेवायची डबी, सुरीची मूठ, फणी निघाली तर नवल नाही. आणि ती निघाली की घरात जे चार सल्ले मिळतात तेच काकूंनाही मिळाले होते. पुण्याचा पुतण्या म्हणाला, अँटिक आहे, लाखांत जाईल. शेजारीण म्हणाली, खंडित मूर्ती घरात ठेवू नये, मलप्रभेत सोडा. बेंगळुरूला पर्यावरणशास्त्र शिकणारी नात म्हणाली, “आज्जी, जाळून टाक. हत्ती मारून केलेलंय ते.” चौथा सल्ला कुणी दिला नव्हता, तो काकूंनी आपसूक पाळला होता: गप्प बसा आणि डबा बंद ठेवा.

माझ्या मते चारही चूक आहेत. चारही सारख्या चूक मात्र नाहीत.

पुतण्याचं आधी बघू, कारण त्याच्यासारखं बोलणारे सुशिक्षित लोक मला वरचेवर भेटतात. त्यांचं म्हणणं असं की शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या हत्तीला आता काय फरक पडणार? जुन्या वस्तूंचा व्यापार खुला करा, कलेला मोल येईल, लोक जपतील. ऐकायला रास्त वाटतं. पण या कायद्याचा गेल्या पन्नास वर्षांचा प्रवास बघितला तर प्रत्येक वेळी चोराला आत यायला एक लेबल पुरलं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीनं भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. लगेच व्यापारी म्हणाले, आमचा माल आफ्रिकेतला. ते साफ खोटंही नव्हतं. आपल्याकडं कोरला जाणारा बराचसा दात शतकानुशतकं गुजरातच्या बंदरांतून आणि पुढं मुंबईतून उतरायचा. एकोणिसाव्या शतकात झांजिबारचा दात मुंबईला येऊन इथून लंडनला जायचा. पण आफ्रिकी म्हणून विकलेल्या ढिगात वायनाडचा एखादा सुळा मिसळला तर ओळखणार कोण? म्हणून १९९१ मध्ये आफ्रिकी दातही बंद केला. मग कुणी म्हणालं, हा हत्तीचा नाहीच, सायबेरियाच्या बर्फात गाडलेल्या मॅमथचा आहे, तो प्राणी तर केव्हाच संपला. ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००३ मध्ये निकाल लागला की कायद्याच्या लेखी हस्तिदंत तो हस्तिदंत, मॅमथचा असला तरी. भिंगाखाली दोन्ही वेगळे ओळखता येतात, त्या चटईच्या रेघा कडेशी हत्तीच्या सुळ्यात रुंद कोनात छेदतात आणि मॅमथच्या सुळ्यात अरुंद. पण बाजारात भिंग घेऊन कोण उभं राहतं?

‘अँटिक’ हे याच माळेतलं पुढचं लेबल. नव्या दाताला चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा करणं, भेगांत काळं भरणं, कडा झिजवणं ही जगभरची जुनी हातचलाखी आहे. ब्रिटननं २०१८ मध्ये कायदा केला, तो २०२२ पासून लागू झाला, आणि त्यात १९१८ पूर्वीच्या, असामान्य कलामूल्याच्या वस्तूंना तज्ज्ञांच्या तपासणीनंतर सूट ठेवली. त्यांना ते जमू शकेल. तिथं लिलावाच्या याद्या आहेत, पावत्या आहेत, पणजोबांचं मृत्युपत्र आहे. आमच्याकडं “ह्यांच्या आज्जोबांनी आणली” एवढा एकच कागद, तोही तोंडी.

आणि किंमत ठरली की ती फक्त जुन्या मूर्तीची ठरत नाही. २००८ मध्ये आफ्रिकेतल्या काही देशांना साठ्यातला शंभर टनांच्या आसपास दात चीन आणि जपानला एकदाच विकायला परवानगी मिळाली. कायदेशीर माल आला की चोरीचा स्वस्त होईल, असा हिशेब होता. पुढच्या वर्षांत शिकार वाढत गेली. विक्रीचा त्यात वाटा किती यावर अभ्यासकांत वाद आहे, पण २०१६ मध्ये आफ्रिकेतल्या अठरा देशांतली हवाई गणती जाहीर झाली तेव्हा साडेतीन लाखांच्या घरात, नेमके ३,५२,२७१ गवताळ प्रदेशातले हत्ती उरले होते आणि २००७ ते २०१४ या सात वर्षांत जवळजवळ तीस टक्के घट झालेली होती. आपल्याकडं सुळे फक्त नराला. त्यामुळं सुळ्यासाठी शिकार झाली की नर तेवढे संपतात. केरळच्या पेरियार जंगलात एक काळ असा आला की एका मोठ्या नरामागं माद्यांची संख्या शंभराच्या घरात गेली होती.

आणि हे लांबचं राहिलेलं नाही. २००२ च्या सुमारास दांडेलीकडचे हत्ती खानापूर ओलांडून दोडामार्गात उतरले, मग चंदगड-आजऱ्यात. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. हत्तींनी निकालाची वाट बघितली नाही. आज तिकडच्या गावांत ‘टस्कर’ (सुळेवाला हत्ती) हा शब्द बायाबापड्याही वापरतात. रात्री टस्कर येतो, उसाचा फड लोळवतो, माडाचा कोंब ओढून काढतो आणि सकाळी पंचनाम्याला माणूस यायला चार दिवस लागतात. त्या शेतकऱ्याचा राग मी ऐकलाय, तो खोटा नाही. आत्तापर्यंत त्या रागाला एक बांध आहे: मेलेल्या हत्तीचं तो करणार काय? ‘मेला हत्ती सव्वा लाखाचा’ ही म्हण ज्या दिवशी बाजारात खरी होईल, त्या दिवशी फडाच्या कडेच्या तारेत वीज सोडायला फार विचार करावा लागणार नाही. २०१७ च्या गणतीत एकट्या कर्नाटकात ६,०४९ हत्ती मोजले गेले, देशात सगळ्यांत जास्त. काकूंच्या पुतण्याला लाख रुपये मिळावेत म्हणून मी हा बांध फोडायला तयार नाही. विक्री नको. जुन्याचीही नको.

शेजारणीच्या सल्ल्यामागं श्रद्धा आहे, त्यावर वाद घालत नाही. खंडित मूर्ती पूजेत नको हे ठीक. पूजेत नको म्हणजे जगातच नको असं मात्र मला वाटत नाही.

नातीचं म्हणणं मला जास्त अडवतं. तिच्या रागात मला माझ्या पिढीचा नाकर्तेपणा दिसतो. आम्ही मूर्तीचं लावण्य शिकवलं, सुळा कसा मिळतो ते कधी नाही शिकवलं. सुळा म्हणजे हत्तीचा वरचा पटाशीचा दात. त्याचा बराच भाग कवटीत रुतलेला असतो आणि अख्खा काढायचा तर हत्ती मेलेलाच लागतो. हे ऐकून पूर्वी माझा एक विद्यार्थी वर्गातून उठून गेला होता. ‘हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे’ ही म्हण आपण ढोंगी माणसासाठी वापरतो. हत्तीला त्या दाखवायच्या दातांपायी जीव गमवावा लागला, हे म्हणीत येत नाही.

तरी जाळण्याच्या मी विरुद्ध आहे. केनियानं २०१६ मध्ये १०५ टन दात जाळला. आसामनं २०२१ च्या सप्टेंबरात गेंड्याची २,४७९ शिंगं जाहीरपणे जाळली. त्या जाळण्याला अर्थ होता. तो कच्चा माल होता, सरकारी गोदामात पडलेला, आणि जाळणाऱ्याला सगळ्या जगातल्या गिऱ्हाइकांना सांगायचं होतं की याची किंमत शून्य आहे. आसामनंसुद्धा ९४ शिंगं अभ्यासासाठी बाजूला काढून ठेवली होती. काकूंनी परसात वेणुगोपाळ जाळला तर ते कोणत्या गिऱ्हाइकाला कळणार? शिवाय चुलीत तो नीट जळायचाही नाही, नुसता काळा पडून तडकेल. हत्तीनं जीव दिला, कारागिरानं कित्येक महिने दिले, आणि शेवटी दोघांची मिळून राख.

कारागिराबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण या वादात तो कुणाच्याच खिजगणतीत नसतो.

आपल्या शालेय पुस्तकांत शिल्प म्हटलं की दगड आणि पंचधातू. हस्तिदंताला एखादी ओळ मिळाली तर मिळाली. पण सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर एक लेख कोरलेला आहे: हे रूपकाम विदिशेच्या दंतकारांनी केलं. दोन हजार वर्षांपूर्वी दगडाचं तोरण कोरायला हस्तिदंताचे कारागीर आले होते. दगडात त्यांनी जी बारीक गर्दी केली, जी झाडं आणि मिरवणुका एकात एक अडकवल्या, त्या बघताना हात कुठं तयार झाला होता हे कळतं. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमलबस्तीत, १२०४ च्या त्या छतातल्या दगडी कमळाखाली उभा राहिलो की मला उगीच त्या विदिशेच्या माणसांची आठवण होते.

दगडावर घाव घालतात. हस्तिदंतावर घाव कमी, खरवड जास्त. करवतीनं तुकडा कापायचा, कानशीनं आकार काढायचा, मग बारीक पटाशी आणि टोकदार सळईनं कणकण खरवडत जायचं. लाकडासारखी रेषेवर फुटण्याची भीती फार नसते, म्हणून गळ्यातल्या हारामागं पोकळी काढता येते, झाडाचं पान देठासकट सुटं करता येतं. आणि घासत गेलं की अंगचीच तुकतुकी येते, वरून काही लावावं लागत नाही. चूक मात्र माफ नाही. सुळ्याच्या जाडीत जेवढी मूर्ती मावेल तेवढीच. हात पसरलेला हवा असेल तर वेगळा करून जोडायचा. काकूंच्या कृष्णाचे दोन्ही हात अंगासरशी का होते, बासरी वेगळी का होती, याचं उत्तर असं साध्या मापात आहे.

इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलेली, पाऊण फूट उंच, दागिन्यांनी मढलेली, पाठीवर भरगच्च वेणी, दोन्ही बाजूंना दासी. तिला लोक लक्ष्मी म्हणतात, बहुधा ती यक्षी. ती तिथं कुठून गेली याची चर्चा सुरू झाली तेव्हा दोन गावांची नावं पुढं आली आणि दोन्ही आपली: धाराशिव जिल्ह्यातलं तेर आणि जालना जिल्ह्यातलं भोकरदन. दोन्हीकडं त्याच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या. तेरची मूर्ती तिथल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात आहे. सातवाहनांच्या काळात दख्खनमध्ये हे काम होत होतं आणि ते समुद्रापलीकडं जात होतं. याच काळातलं एक गाव आमच्या बेळगावच्या वडगाव-माधवपूर भागात उत्खननात निघालं, त्यावर आज घरं आहेत आणि माझ्या अनेक विद्यार्थ्यांना ते तिथंच राहूनही माहीत नाही.

दुसरं उदाहरण आणखी जवळचं. चोर्ल्याचा घाट उतरून जुन्या गोव्याला गेलं की ख्रिस्ती कलेचं वस्तुसंग्रहालय लागतं. तिथं मी जितके वेळा गेलोय तितके वेळा एकाच प्रकारच्या मूर्तीपुढं अडकलोय: मेंढपाळाच्या रूपातला बाळ येशू. खडकांच्या चढत्या पायऱ्यांच्या माथ्यावर एक लहान मुलगा बसलेला, पायांची आढी घातलेली, गाल उजव्या हातावर टेकलेला आणि डोळे मिटलेले. मांडीवर कोकरू, खांद्यावर कोकरू. खाली कारंजं, तिथं पाणी पिणारी पाखरं आणि मेंढरं, आणि सगळ्यांत तळाशी गुहेत आडवी पहुडलेली येशूची शिष्या मग्दालेना. युरोपात हा विषय आहे, पण ही बसण्याची तऱ्हा तिथली नाही. मिटलेले डोळे बुद्धाचे, गाल फुगवून बसलेलं बाळ गोकुळातलं. कारागिराला सांगितलं येशू काढ, त्यानं काढला. पण हाताला जे बाळ माहीत होतं ते कुठं जाणार? हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती घडवू नयेत असे फतवे तिथल्या चर्चनं सोळाव्या शतकात काढले होते. ज्याअर्थी काढावे लागले, त्याअर्थी ते घडवत होते.

अशी गावोगावची घराणी होती. श्रीरंगमच्या देवळात नायक राजाराण्यांच्या हस्तिदंती मूर्ती आहेत. मुर्शिदाबादची भास्कर घराणी, त्रावणकोरचे कारागीर. त्रावणकोरच्या राजानं राणी व्हिक्टोरियाला पाठवलेलं हस्तिदंती सिंहासन १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात ठेवलं होतं. आमच्या शेजारच्या कारवार-शिमोगा पट्ट्यातले गुडीगार कारागीर चंदनात जे कोरतात ते बघितलं की तोच बारकावा दिसतो. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण बंदीमुळं कला मेली असं जे गळा काढून सांगतात त्यांनी सागरला किंवा शिरसीला जाऊन यावं. माल बदलला, चंदन आलं, शिसम आलं, उत्तरेत उंटाचं हाड आलं. गोकाकची चित्रगार मंडळी तर हलक्या लाकडावर रंग चढवून अशी फळं करतात की माशी बसावी. कलेला हत्ती मरायलाच लागतो असं नाही. आणि खरं सांगायचं तर हत्ती मूर्तींपायी फारसे मेलेच नाहीत. राजस्थान-गुजरातेत लग्नाचा चुडा, विलायतेत बिलियर्डचे गोळे, पियानोच्या पट्ट्या, सुऱ्यांच्या मुठी, फण्या. सगळा दात तिकडं गेला. मूर्ती हा त्या ढिगाऱ्यातला चिमूटभर भाग, आणि बघण्यासारखं काही उरलं असेल तर तेवढंच.

म्हणून चौथा सल्ला, गप्प बसण्याचा, मला विक्रीइतकाच घातक वाटतो. हस्तिदंत हवेतली ओल पितो आणि सोडतो. बेळगावचा चार महिन्यांचा पाऊस आणि मग मार्च-एप्रिलची कोरड, या ओढाताणीत तो लांबीच्या दिशेनं तडकतो. उजेडात तो पांढुरका राहतो, अंधारात पिवळा पडत जातो, खोबरेलानं आणखी. म्हणजे भीतीपोटी डब्यात ठेवलेली प्रत्येक मूर्ती कुणी न बघता खराब होत चालली आहे. आणि काकूंच्या नंतर तो डबा पुतण्याच्या हाती जाणार. गुपचूप विक्रीचा माल तयार होतो तो अशा डब्यांतूनच.

मग माणसानं करावं काय? कायद्यात वाट आहे, पण ती कागद असलेल्यांसाठी. मालकीचं प्रमाणपत्र असलेल्याची वस्तू वारसाला मिळाली तर त्यानं नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाला कळवायचं. एका राज्यातून दुसऱ्यात नेली तर तीस दिवसांत कळवायचं. आमच्याकडं थोरला भाऊ बेळगावात आणि धाकटा कोल्हापुरात, म्हणजे दिवाळीला मूर्ती एका देव्हाऱ्यातून दुसऱ्यात गेली की दोन राज्यांचा मामला. २००३ मध्ये केंद्रानं जुन्या वस्तू जाहीर करायला १८० दिवस दिले होते. ते किती घरांत कळलं? २०२२ च्या दुरुस्तीनं स्वखुशीनं वस्तू सरकारला देण्याची सोय झाली, मोबदला नाही, तेही मला मान्य. पण ती सोय ज्याच्याकडं प्रमाणपत्र आहे त्याला. ज्याच्याकडं नाही, म्हणजे जो घाबरून बसलाय, तो तसाच बसलेला. दुसऱ्या बाजूला १९७२ चाच पुरावस्तू कायदा म्हणतो की शंभर वर्षांपुढची शिल्पं नोंदवा. एकच वेणुगोपाळ वन खात्याच्या लेखी हत्तीचा अवशेष आणि पुरातत्त्व खात्याच्या लेखी पुरावस्तू. दोन्ही खाती त्याच्याबद्दल एकमेकांशी बोलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मी स्वतः एका सरकारी कचेरीत सहज म्हणून विचारायला गेलो होतो, नाव-पत्ता न सांगता. तिथले गृहस्थ सज्जन होते. चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. “ब्याड री सर, नको. कुणाकडं आहे ते सांगू नका. सांगितलात तर मला जावंच लागतंय, पंचनामा करावा लागतोय. नाही सांगितलात तर तुम्ही सुखी, मीपण सुखी.” त्यांचा राग आला नाही. कायद्यानं त्यांना तेवढंच शिकवलंय.

पण हे बदलू शकतं, आणि ते आमच्याच राज्यानं दाखवलंय. २०२३ च्या ऑक्टोबरात वाघनखाच्या लॉकेटवरून टीव्हीवरच्या एका स्पर्धकाला अटक झाली, गावभर कुजबुज सुरू झाली, कुणाच्या गळ्यात काय आहे ते लोक एकमेकांच्या जुन्या फोटोंत शोधायला लागले. त्यानंतर २०२४ च्या जानेवारीत कर्नाटक सरकारनं अशा वस्तू परत करायला तीन महिन्यांची मुदत जाहीर केली. त्या जाहीर करण्यात नखं, कातडी, शिंगं डोळ्यांपुढं होती. कोरलेली मूर्ती नव्हती. मूर्तीसाठी वेगळी मुदत हवी, असं माझं मागणं आहे. घरपोच यावं, दोन खात्यांची दोन माणसं एकत्र यावीत, आणि एक जण असा असावा ज्याला हाड आणि दात यातला फरक कळतो. पंचनाम्याऐवजी नोंद व्हावी: उंची, वजन, चारही बाजूंचे फोटो, घरात सांगतात ती हकिगत, मराठी घरात मराठीतून आणि कन्नड घरात कन्नडमधून. ‘दंत’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, तेवढ्यासाठी तरी भांडण होऊ नये. मग ती सरकारजमा व्हावी, विनामोबदला आणि विनागुन्हा. आणि ती गोदामात न जाता कित्तूरच्या किल्ल्यातल्या वस्तुसंग्रहालयासारख्या जवळच्या ठिकाणी जावी, जिथं देणाऱ्याची नातवंडं एसटीनं जाऊन बघू शकतील.

याचा गैरफायदा घेतला जाईल, नव्या दाताला जुना म्हणून धुऊन घेतील, असा आक्षेप येईल. विनामोबदला सरकारला द्यायला नवा दात कोण आणणार? ज्यात पैसा नाही त्यात चोर शिरत नाही. घरात ठेवण्याची परवानगी दिली तर मात्र हा आक्षेप खरा ठरेल, म्हणून ती मी मागत नाही. काकूंना हे सांगताना जड गेलं. रोज आंघोळ घातलेला देव काचेआड द्यायचा, ही सोपी गोष्ट नाही.

आणि त्या काचेखालच्या पट्टीवर नातीचंही एक वाक्य असावं. ‘वेणुगोपाळ, हस्तिदंत, कारागीर अज्ञात’ इथं पट्टी संपू नये. सुळा कसा मिळतो ते तिथं लिहावं, हत्तीचं चित्र काढून.

काकूंना तूर्त एवढंच सांगितलं की खोबरेल बंद करा, डबा भिंतीला लागून ठेवू नका, झाकण किलकिलं असू दे आणि ऊन लागू देऊ नका. फोटो काढायचा मोह झाला होता, पण मोबाइलमधला फोटो कुठं कुठं फिरेल सांगता येत नाही. म्हणून वही काढली आणि चारही बाजूंनी पेन्सिलीनं चित्रं काढली, फूटपट्टीनं मापं घेऊन. काकू समोर बसून बघत होत्या. पाठीकडचं चित्र झाल्यावर म्हणाल्या, “हे तो नव्हे.”

मी बघितलं. सवयीनं कणा सरळ काढला होता. पान उलटून परत काढायला घेतलं.